मोहरीवरचा मावा आणि थांबलेले सहा दिवस

मोहरीवर मावा आल्याचं मला डोळ्यांआधी बोटांनी कळतं. फुलोऱ्याचा दांडा चिमटीत धरला की किंचित चिकट लागतो. मग शेंडा वाकवून कळ्यांच्या घोसात पाहावं, तर फिकट हिरवे, राखट पावडर भुरभुरल्यासारखे बारीक दाणे एकमेकांना खेटून बसलेले असतात. सोंड आत खुपसलेली, मागचा भाग वर. भिंगातून पाहिलं तर पाठीच्या शेवटाला दोन छोट्या नळ्या दिसतात. आणि त्यांच्यात एखादी मोठी मादी असतेच, जिच्या मागून एक पिल्लू उलटं, मागचा भाग आधी, पाय हलवत बाहेर येत असतं. अंडं नाही, नर नाही, थेट पिल्लू. तेही आठ-दहा दिवसांत आई होतं. ह्या एका गोष्टीमुळे माव्याशी घाईने लढता येत नाही, हे मला एक हंगाम वाया घालवून कळलं.

तो मागचा हंगाम आधी सांगते, कारण यंदा मी जे काही केलं ते त्याच्यामुळेच.

शेत भर फुलात होतं. मावा शेंड्यांवर दाट झाला तोवर माझं लक्षच गेलं नव्हतं. माव्याने सोडलेला चिकटा पानांवर गळून त्यावर काजळी, म्हणजे काळी बुरशी, धरली तेव्हा मी घाबरले. कुणीतरी नाव सांगितलेलं एक आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारं, कीटकनाशक आणलं आणि सकाळी दहा वाजता पाठीवरच्या पंपाने अख्ख्या शेतावर मारलं. दहा वाजता, म्हणजे ऊन चढून मधमाश्या फुलांवर तुटून पडतात नेमक्या त्या वेळी. दुपारी पाणी बघायला गेले तर सऱ्यांमध्ये माश्या पाठीवर पडून पाय हलवत होत्या. बांधापलीकडे मधपेट्या ठेवणाऱ्या काकांना मी कळवलंही नव्हतं. संध्याकाळी त्यांनी पेट्यांच्या तोंडाशी पडलेल्या माश्या ओंजळीत आणून दाखवल्या. रागावले नाहीत. "पुढच्या वेळी आदल्या दिवशी एक फोन कर, पोरी," एवढंच म्हणाले. ती ओंजळ मी विसरलेले नाही.

मावा मात्र तीन दिवसांत साफ झाला, आणि दोन आठवड्यांनी परत आला. आधीपेक्षा दाट. तेव्हा मला वाटलं औषध हलकं होतं. नंतर वाचत गेले, माहितगारांना विचारत गेले, तेव्हा हिशोब उलगडला. फवाऱ्यातून सुटलेला किंवा शेजारून उडून आलेला एक मावासुद्धा आठवड्या-दीड आठवड्यात नवी पिढी उभी करतो. त्याला खाणाऱ्या ढालकिड्याला थंडीच्या दिवसांत अंड्यापासून पूर्ण किडा व्हायला तीन-चार आठवडे लागतात. मी दोघांना एकाच दिवशी मारलं होतं, आणि पुन्हा उभं राहण्याच्या शर्यतीत मावाच पुढे असणार हे उघड होतं.

यंदा तयारी पेरणीपासून केली. पेरणी दहा-बारा दिवस लवकर उरकली. मोहरीवरचा मावा थंड, ढगाळ, दमट हवेत जोरात वाढतो, आणि पीक त्या दिवसांच्या आधी फुलोऱ्यातून पुढे सरकलं तर बराच मार चुकतो. नत्र ठरलेल्या मात्रेत, दोन हप्त्यांत दिलं आणि वर एक मूठही टाकली नाही. जास्त युरियाने मोहरी लुसलुशीत, गर्द हिरवी होते आणि माव्याला तोच कोवळा रस हवा असतो. मागच्या वर्षी पीक "उठून दिसावं" म्हणून मी जादा दिला होता.

तिसरी गोष्ट म्हणजे बांधाच्या कडेने कोथिंबीर आणि शेपूचा दोन हात रुंद पट्टा, निम्मा मोहरीच्या आधी पेरलेला, निम्मा बरोबर. तो कापायचा नाही, फुलू द्यायचा. सिरफिड माशी, म्हणजे फुलासमोर हवेत एका जागी थरथरत थांबणारी आणि पट्ट्यांमुळे मधमाशीसारखी वाटणारी माशी, तिला पराग आणि मध लागतो. मावा खातात त्या तिच्या अळ्या. माशी मोहरीच्या फुलावरही येते, पण मावा मोहरी फुलायच्या आधीच येऊन बसतो, आणि तेव्हा तिला शेतात थांबायला काहीतरी हवं. उघड्या, बारीक, छत्रीसारख्या फुलांत तिचं आखूड तोंड सहज पोचतं, म्हणून शेपू-कोथिंबीर.

पिवळे चिकट सापळे चार लावले होते. पंखवाला मावा कधी उडून आला ते त्यावर लवकर कळतं आणि मला तेवढंच हवं होतं. आठव्या दिवशी सापळ्यावर मावा दिसला, आणि त्याच सापळ्यावर तीन सिरफिड माश्याही चिकटलेल्या दिसल्या. एक अजून पाय ओढत होती. त्या दिवशी चारही सापळे उतरवले. सापळ्यांनी मावा आटोक्यात येतो म्हणून शेतभर लावणाऱ्यांना मी हेच सांगेन: खबर मिळाली की काढा.

मोजणी आठवड्यातून दोनदा. शेतात पाच जागा, प्रत्येक ठिकाणी दहा झाडं, आणि प्रत्येक झाडाच्या मधल्या शेंड्याचे वरचे १० सेंटिमीटर. जागा ठरवताना एकदम आत शिरायचं, नुसत्या बांधालगतच्या झाडांवर निकाल द्यायचा नाही, कारण मावा कडेने आत येतो आणि कड नेहमी भयंकर दिसते. फवारणी कधी परवडते त्याचा आकडा शिफारशीनुसार बदलतो. कुठे त्या १० सेंटिमीटरवर २५ ते ३० मावे धरतात, कुठे ५० ते ६०. मी सावध आकडा धरला, ३०. एकेक मावा मोजत बसले तर दिवस जातो. पहिल्या काही झाडांवर खरोखर मोजलं, दहाचा पुंजका केवढा दिसतो ते डोळ्यात बसवलं, मग पुंजके मोजले.

मोजणीच्या वहीत यंदा मी दोन रकाने वाढवले. एकात मावा खाणारे आणि दुसऱ्यात "फुगलेले". ते फुगलेले काय ते पुढे सांगते.

पेरणीनंतर पंचेचाळिसाव्या दिवशी पश्चिमेच्या कडेला पहिली वस्ती दिसली. सात-आठ झाडांचे शेंडे, बाकी शेत स्वच्छ. ह्या टप्प्याला करायचं काम फार साधं आहे आणि सगळ्यात जास्त कामी येतं: प्लास्टिकची पिशवी घेऊन ते शेंडे अलगद वाकवून आत घालायचे, मग तोडायचे आणि पिशवीचं तोंड बांधून उन्हात ठेवायची. अलगद अशासाठी की शेंडा हिसडला की निम्मा मावा खाली पडतो आणि पुन्हा चढतो. तोडलेल्या झाडांनी खालून फांद्या फोडल्या. दोन संध्याकाळी मी आणि बाबांनी हेच केलं.

दुसऱ्या संध्याकाळी बाबांच्या हातून एक गोष्ट होता होता राहिली. ते एका पानावरची काळपट, खरबरीत, नारिंगी ठिपक्यांची अळी चिरडायला निघाले होते. "ही बघ, दुसरीच कीड आली." ती ढालकिड्याची अळी होती. प्रौढ ढालकिडा, लाल पाठीवर सात काळे ठिपके असलेला, सगळ्यांना माहीत असतो. पण त्याची अळी त्याच्यासारखी जराही दिसत नाही. एखाद्या चिमुकल्या मगरीसारखी लांबट, सहा पायांवर तुरुतुरु चालणारी. आम्ही किती वर्षं त्या चिरडल्या असतील कोण जाणे. मी बाबांना भिंग दिलं आणि ती अळी असलेला शेंडा समोर धरला.

ती कशी खाते ते त्यांनी पाच मिनिटं पाहिलं. अळी शेंड्यावर चढली, डोकं डावी-उजवीकडे आपटत आंधळ्यासारखी चाचपडत गेली आणि माव्याला तोंड लागताच थांबली. त्याला पाठीच्या बाजूने धरला, जरा उचलला. माव्याने मागच्या नळ्यांतून एक चिकट थेंब सोडला. शेजारचे दोन-तीन मावे सोंड उपटून चालू लागले, एक तर सरळ खाली पडला; त्या थेंबात इतरांना धोका कळवणारा वास असतो. अळीने धरलेला मावा सोडला नाही. "दिवसाला किती खाते?" बाबांनी विचारलं. वाढ होईपर्यंत एक अळी काहीशे मावे संपवते, असं मी सांगितलं. त्यानंतर बाबा माझ्याबरोबर दर मोजणीला आले.

सिरफिडची अळी ओळखायला मलाच वेळ लागला. तिला पाय नाहीत, डोकं वेगळं दिसत नाही, अंगातून आरपार दिसतं, हिरवट-पांढुरक्या शेंबडाचा थेंब पानाला चिकटल्यासारखी. ती मावा तोंडाच्या टोकावर तोलून हवेत उचलते, शोषते आणि रिकामं कातडं टाकून देते. दाट वस्तीच्या मधोमध एक मोकळी जागा आणि तिथे काळसर चिकट डाग दिसला तर आसपास ती असतेच.

एकोणपन्नासाव्या दिवशी सरासरी १२ आली. बावन्नाव्या दिवशी १९. मग धुकं पडलं.

तीन दिवस ऊन असं नाहीच. अशा हवेत मावा रस ओढत राहतो, पिल्लं टाकत राहतो. ढालकिडे मात्र पानांच्या बगलेत गारठून बसतात. पंचावन्नाव्या दिवशी सरासरी ३१ आली. माझी मर्यादा ओलांडली. पश्चिमेच्या कोपऱ्यात तर काही शेंडे दिसेनासे झाले होते, नुसता मावा.

"अगं, आता नाही मारलंस तर शेंगा धरणार नाहीत," बाबा म्हणाले. चुकीचं नव्हतं. फुलोऱ्यात रस ओढला गेला की फुलं गळतात, शेंगा वाकड्या आणि पोकळ राहतात, आणि त्याची भरपाई पुढे होत नाही.

मी वहीचे दुसरे रकाने काढले. पाच जागांपैकी चार ठिकाणी दहातल्या सहा-सात झाडांवर ढालकिडा, त्याची अळी किंवा सिरफिडची अळी होती. पिवळ्याधमक, उभ्या रचलेल्या अंड्यांचे पुंजके पानांच्या खाली होते. आणि "फुगलेले" मावे बावन्नाव्या दिवसापेक्षा दुप्पट झाले होते.

हे फुगलेले म्हणजे ममी. हिरव्या माव्यांमध्ये एखादा मावा गोल फुगलेला, गवताच्या काडीच्या रंगाचा, कागदासारखा कोरडा आणि पानाला घट्ट चिकटलेला दिसतो. त्याच्या आत एका परोपजीवी गांधीलमाशीचं पिल्लू असतं. मोहरीवर ती बहुधा डायएरेटिएला रॅपी ह्या जातीची असते, मुंगीपेक्षाही बारीक, काळी. ती माव्यासमोर उभी राहून पोट स्वतःच्याच पायांमधून पुढे वाकवते, क्षणभर टोचते आणि एक अंडं आत सोडते. मावा काही दिवस चालतो-फिरतो, मग आतून पोखरला जातो. पहिल्यांदा ममी दिसल्या तेव्हा मी दहा-बारा पानासकट काचेच्या बाटलीत ठेवून तोंडाला मलमलचं फडकं बांधलं होतं. नवव्या दिवशी सकाळी बाटलीत काळे ठिपके फिरत होते आणि ममींच्या पाठीला टाचणीने पाडल्यासारखी गोल भोकं होती. बाटली मी शेतात नेऊन उघडली.

महत्त्वाचं असं की ममी दिसते तेव्हा तिच्या आसपासच्या हिरव्या, धडधाकट वाटणाऱ्या माव्यांतही काहींच्या पोटात अंडं असतं. म्हणजे माझ्या ३१ मधले बरेच मावे मेल्यातच जमा होते. किती ते सांगता येत नव्हतं. पण दिशा दिसत होती.

मग असं ठरवलं: पाचवी जागा, म्हणजे पश्चिमेचा कोपरा, जिथे मावा सर्वात दाट आणि खाणारे जवळजवळ नव्हते, तेवढ्याच भागावर निंबोळी अर्क. बाकी शेत सहा दिवस तसंच. मधे दर दोन दिवसांनी मोजणी, आणि खाणारे न वाढता आकडा ५० कडे गेला तर माघार घेऊन बाकी शेतावरही फवारणी. बाबा "ठीक" म्हणाले, पण त्या रात्री त्यांनी पंप धुऊन तयार ठेवला.

अर्क नेहमीच्या ५ टक्क्यांचा. १०० लिटरला ५ किलो निंबोळीची भरड हे प्रमाण. मला २० लिटर पुरत होतं, म्हणून १ किलो भरड रात्रभर पाण्यात भिजवली, फडक्यातून दोनदा गाळली, ४० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून घातला आणि पाणी २० लिटर केलं. साबणाशिवाय माव्याच्या मेणचट अंगावर पाणी ठरत नाही, मोती होऊन घरंगळतं. फवारणी सूर्य कलल्यावर. एक तर मधमाश्या परतलेल्या असतात, दुसरं म्हणजे उन्हाने अर्कातला कडू अंश लवकर निकामी होतो. तरीही काकांना आदल्या दिवशी फोन केला. त्यांनी पेट्या अंधार पडल्यावर बंद केल्या आणि सकाळी उशिरा उघडल्या. नोझल खालून वर धरलं, कारण मावा कळ्यांच्या पोटाशी असतो, वरून मारलेलं त्याला लागतच नाही.

निंबोळी अर्कालाही निरुपद्रवी समजू नये. ढालकिड्याच्या कोवळ्या अळ्यांवर थेट पडला तर त्यांच्या कात टाकण्यात बिघाड होतो. म्हणून त्या कोपऱ्यात ज्या पाच-सहा झाडांवर अळ्या दिसल्या ती झाडं सुतळी बांधून वगळली.

ते सहा दिवस मला जड गेले. सत्तावन्नाव्या दिवशी सरासरी ३४. झोपेतही पुंजके मोजत होते. त्या दिवशी दुपारी मात्र धुकं फाटलं, ऊन आलं आणि शेतात शिरले तर शेंड्याशेंड्यावर लाल पाठी चमकत होत्या. एकोणसाठाव्या दिवशी आकडा ३३, म्हणजे जवळपास तोच, पण झाडागणिक अळ्या दोन-तीन. एकसष्टाव्या दिवशी २१. पहिल्यांदा खाली. बाबांनी वहीत स्वतःच्या हाताने लिहिला तो आकडा. सहासष्टाव्या दिवशी ८, आणि त्यातही निम्म्या ममी. ऊन वाढलं तसा मावा एरवीही ओसरतोच, हे मला मान्य आहे. सगळं श्रेय किड्यांचं म्हणता येणार नाही. पण मागच्या वर्षी हेच ऊन असताना मावा परत चढला होता.

कोपऱ्यात सात दिवसांनी अर्क पुन्हा मारला. तिथे नुकसान झालंच. कडेच्या चार-पाच ओळींत मुख्य शेंडे आखडले, शेंगा बोटभरही झाल्या नाहीत, दाणे चपटे. ते मी वहीत लिहून ठेवलं आहे, कारण कुणी विचारलं तर "काहीच गेलं नाही" असं सांगणं खोटं ठरेल. तसंच रासायनिक औषध कधीच मारू नये असंही मी म्हणत नाही. फुलोऱ्याआधी आकडा मर्यादेपलीकडे असता आणि रकान्यात खाणारे शून्य असते, तर मी मारलं असतं. तेवढ्याच तुकड्यावर, मोहरीसाठी शिफारस असलेलं, डब्यावरच्या मात्रेत, संध्याकाळी, काकांना कळवून. आणि पीक पूर्ण फुलात असताना मधमाश्यांना घातक आंतरप्रवाही औषध तर नाहीच. ते झाडाच्या रसातून फुलात, परागात उतरतं, संध्याकाळी मारलं तरी सकाळी तिथे असतंच.

भर फुलाच्या दिवसांत काकांनी पेट्या उलट शेताच्या आणखी जवळ आणून ठेवल्या. मोहरीच्या काही जाती स्वतःच्याच परागावर दाणा धरतात, काहींना दुसऱ्या झाडाचा पराग लागतोच. पण माश्या फिरल्या की शेंगा भरदार होतात हे मी मधल्या ओळींत पाहिलं.

कापणीच्या दिवशी कडेचा पट्टा मी उभाच ठेवायला लावला. शेपूचं बी झडायला आलं होतं. कोरड्या मोहरीच्या पेंढ्या उचलताना पानांच्या खालून ढालकिडे निघत होते, हातावर चढून बोटाच्या टोकाशी जाऊन उडत होते. बाबा पेंढी खाली ठेवून, ती झटकून, मग दुसरी उचलत होते. त्यामुळे काम अंधार पडेपर्यंत चाललं.